कॅटेगरी नका विचारू, पाणी किती फूट ते विचारा

ह्यूस्टन परिसरातल्या मराठी कुटुंबांना खुलं पत्र: क्लिअर लेक, लीग सिटी, सीब्रूक, डिकिन्सनला पाण्याकाठी राहणाऱ्यांना, आणि केटी, सायप्रसला पाण्यापासून लांब राहणाऱ्यांनाही.

मंडळी, स. न. वि. वि.

२०२४ च्या जुलैत बेरिल चक्रीवादळ येत होतं तेव्हा आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मतदान झालं होतं, आठवतंय? 'जाताय की राहताय?' बहुतेकांनी 'राहतोय'वर बोट ठेवलं. खाली कारणंही होती, पण सगळ्यांचा सूर एकच. 'कॅट वन तर आहे.' 'चहा-भजीचं वादळ आहे रे.' एकाने तर कढईचा फोटो टाकला. मग ८ तारखेला बेरिल मॅटागोर्डाला किनाऱ्याला लागलं, आपल्या घरांत पाणी शिरलं नाही, फक्त वीज गेली आणि कितीतरी दिवस आपण सगळे उकडत बसलो. 'राहतोय'वाल्यांचं बरोबर ठरलं.

बरोबर ठरलं, याचीच मला भीती वाटते. पुढच्या वेळी तीच कढई आणि तोच अंदाज निघेल. मी गेली पंचवीस वर्षं या भागात राहते, शिप चॅनलवरच्या, म्हणजे जहाजांसाठी खोदलेल्या कालव्याकाठच्या, कारखान्यांत नोकरी केली, आणि त्याआधीची बावीस वर्षं अलिबाग-पेणच्या मधल्या खारेपाटात काढली. दोन्हीकडे घराच्या मागे खाडी. म्हणून हे पत्र. थोडं लांब होईल, पण हंगाम तोंडावर आहे, तेव्हा वाचा.

आधी त्या कॅटेगरीचं. एक ते पाच हा आकडा फक्त वाऱ्याचा वेग सांगतो. पूर्वी त्या तक्त्यात उधाणाचे फूटही लिहिलेले असायचे. ते जुळत नाहीत हे इतक्यांदा दिसलं की २०१० मध्ये ते काढूनच टाकले. २००४ चं चार्ली कॅटेगरी चारचं होतं, पण लहानखुरं. त्याने फ्लोरिडात पाणी चढवलं ते सहा-सात फूट. पुढच्याच वर्षी कतरिना किनाऱ्याला लागताना तीनवर उतरलं होतं, आणि मिसिसिपीच्या किनाऱ्यावर पाण्याची खूण सापडली जवळजवळ २८ फुटांवर. आपलं २००८ चं आइक तर कॅटेगरी दोन. त्याने गॅल्व्हस्टन खाडीच्या तोंडाशी असलेल्या बोलिव्हरच्या पट्ट्यावर पंधरा फुटांच्या वर पाणी आणलं. गिलख्रिस्ट नावाचं अख्खं गाव पुसलं गेलं. समुद्राच्या बाजूला एकच पिवळं घर उभं राहिलं, त्याचा विमानातून काढलेला फोटो तेव्हा जगभर फिरला होता.

मग पाणी कशावर ठरतं? वादळ किती रुंद आहे, किती वेळ एका दिशेने समुद्र ढकलतंय, किनाऱ्याजवळचा तळ किती उथळ आहे, खाडीचं तोंड कुठे आहे आणि वादळाचा डोळा तुमच्या कुठल्या अंगाने जातोय, यावर. आइकचा वारा केंद्रापासून पावणेतीनशे मैलांपर्यंत वादळी होता. म्हणजे पंचगंगेवर उभं राहून भोवरा मुंबईला फिरतोय, आणि छत्री इथे उलटी होतेय.

आता एक शब्दाचा घोळ. मराठी बातम्यांत 'स्टॉर्म सर्ज'ला 'वादळी लाटा' म्हणतात. लाट म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? उंच उठली, आपटली, परत गेली. आपण दोन पावलं मागे झालो, पाय धुतले, भेळ खाल्ली. हे तसं नसतं. इथे समुद्राची पातळीच चढते, तासन् तास चढत राहते, आणि लाटा त्या चढलेल्या पातळीवरून येतात. आमच्या खारेपाटात याला जवळचा शब्द आहे, उधाण. मी वादळाचं उधाण म्हणते.

हे कसं होतं ते पाहायचं तर घरातली परात घ्या. त्यात पेरभर पाणी ओता आणि एका कडेने जोरात, न थांबता फुंकर मारा. पाणी पलीकडच्या काठाशी गोळा होईल, तुमच्या बाजूचा तळ उघडा पडायला येईल. आता हेच बादलीभर पाण्यावर करा. वर नुसत्या सुरकुत्या उठतील. खोल पाण्यात वरून ढकललेलं पाणी खालून मागे फिरतं. उथळ पाण्यात खालून फिरायला जागाच नसते. टेक्सासचा किनारा ही परात आहे. समुद्रात मैलोन् मैल जा, तळ फार खोल जात नाही. आणि आपली गॅल्व्हस्टन बे? तिची सरासरी खोली जेमतेम सात फूट. एवढी अफाट पसरलेली खाडी, पण बहुतेक ठिकाणी घरात दिवाणावर चढलेल्या माणसाचं डोकं वर राहील.

वादळाच्या पोटात हवेचा दाब कमी असतो, त्यामुळेही पाणी वर ओढलं जातं, असं शाळेत शिकवलेलं असतं. खरं आहे, पण तो वाटा लहान. एक मिलिबार दाब उतरला की पाणी साधारण एक सेंटिमीटर चढतं. आइकच्या वेळी त्यातून दोनेक फूट आले असतील. बाकीचं सगळं वाऱ्याच्या ढकलण्याचं.

कोकणातून आलेल्यांची इथे एक हमखास चूक होते. माझीही झाली होती. आपल्याला भरती-ओहोटीची सवय. मुंबईला मोठ्या उधाणात भरती आणि ओहोटी यांत चार-साडेचार मीटरचा फरक पडतो, त्यामुळे किनाऱ्यावरची घरं, बांध, धक्के सगळं त्या हिशेबाने वर बांधलेलं. वादळ नेमकं ओहोटीला आलं तर दोन मीटर जादा पाणीही त्या फरकात मुरून जातं. इथे भरती-ओहोटीत फरक असतो एक-दोन फुटांचा. त्यामुळे लोकांनी पाण्याला अगदी खेटून घरं बांधली, परसदारी बोट बांधली, आणि त्याला 'वॉटरफ्रंट' म्हणून जास्त पैसे मोजले. इथे ओहोटी तुम्हाला वाचवत नाही. चढणारं पाणी दहा फूट असेल तर त्यातला एक फूट वजा होऊन काय होणार?

आता आइकची गोष्ट, कारण ग्रुपवरच्या निम्म्या लोकांना ती माहीतच नाही. तेव्हा तुम्ही पुण्यात कॉलेजात होतात.

२००८ साली गणपती ३ सप्टेंबरला बसले आणि अनंत चतुर्दशी होती १४ ला. आमच्याकडे दहा दिवसांचा. गुरुवारी ११ तारखेला आमच्या झोनला, म्हणजे घरं रिकामी करायच्या नकाशातल्या आमच्या भागाला, निघायला सांगितलं. मी आरतीचं तबक हातात धरून उभी, आणि प्रश्न हा की बसवलेली मूर्ती हलवायची कशी? अलिबागला सासूबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "अगं, उधाणात आपण आधी देव माळ्यावर चढवतो, मग भाताच्या कणग्या. घेऊन जा त्याला." मग शाडूचा गणपती मागच्या सीटवर, दोन उशांच्या मध्ये, वरून पट्टा लावून. पुढे मी आणि नवरा, मागे गणपतीच्या बाजूला लेक. केटीला एका मित्राकडे गेलो. चाळीसेक मैल.

आमचे एक शेजारी निघाले नाहीत. त्यांचं म्हणणं, आत्ता आकाश स्वच्छ आहे, शुक्रवारी दुपारी बघू. पण शुक्रवारी सकाळी, डोळा अजून दोनशेहून जास्त मैल लांब असताना, बोलिव्हरचा एकमेव रस्ता पाण्याखाली गेलेला होता. वारा किनाऱ्याकडे वाहतसुद्धा नव्हता! तो वाहत होता किनाऱ्याला समांतर, पूर्वेकडून पश्चिमेकडे. पण पृथ्वीच्या फिरण्यामुळे आपल्या गोलार्धात वाहतं पाणी उजवीकडे कलतं. पश्चिमेकडे तोंड केलं की उजवा हात उत्तरेला, म्हणजे टेक्सासच्या किनाऱ्याकडे. एवढ्या रुंद वादळाने दिवसभर असं पाणी सरकवलं आणि वादळ येण्याच्या चोवीस तास आधीपासून समुद्र चढायला लागला. शास्त्रज्ञ याला 'फोररनर' म्हणतात. मी चोरपावली उधाण म्हणते. बोलिव्हरवर 'दुपारी बघू' म्हणून थांबलेल्यांना तटरक्षक दलाच्या हेलिकॉप्टरांनी उचलावं लागलं. सगळ्यांना उचलता आलं नाही. हवामान खात्याने किनाऱ्यावरच्या एक-दोन मजली घरांत थांबणाऱ्यांना मृत्यू निश्चित आहे, अशा भाषेत इशारा दिला होता. सरकारी कागदावर इतके नागडे शब्द मी तोवर वाचले नव्हते.

डोळा किनाऱ्याला लागला शनिवारी पहाटे दोनच्या सुमारास, गॅल्व्हस्टन बेटाच्या पूर्व टोकाशी. आणि इथे येते या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. गॅल्व्हस्टनला समुद्राच्या बाजूला सतरा फूट उंच भिंत आहे. १९०० च्या वादळात त्या शहरात सहा ते बारा हजार माणसं गेली, त्यानंतर बांधलेली. भिंत बांधून ते थांबले नाहीत, हजारो इमारती जॅकने उचलून खाली रेती भरली आणि अख्खं शहर वर घेतलं. आइकमध्ये ती भिंत टिकली. शहर बुडालं ते पाठीमागून. वादळ जवळ येताना वारा उत्तरेकडून होता, त्याने आधीच फुगलेली बे बेटाच्या पाठीवर लोटली, आणि जुन्या बाजारपेठेत, स्ट्रँडवर, खाडीच्या बाजूने माणसाच्या डोक्याएवढं पाणी चढलं. पुढच्या दाराला कुलूप, आणि चोर मोरीतून आत.

मग डोळा पुढे सरकला, वारा दक्षिणेकडचा झाला, आणि तेच पाणी वर उत्तरेला ढकललं गेलं: ट्रिनिटी बेकडे, चेंबर्स काउंटीकडे, शिप चॅनलकडे, सीब्रूक-किमाच्या अरुंद तोंडातून क्लिअर लेकमध्ये. क्लिअर लेकमधून टेलर लेकमध्ये, आर्मंड बायूत, क्लिअर क्रीकमध्ये. समुद्र तुमच्या घरी यायला समुद्र दिसायची गरज नाही. त्याला फक्त वाट लागते, आणि आपल्याकडे वाटाच वाटा आहेत.

आमच्या ओळखीचं एक कुटुंब टेलर लेकला मिळणाऱ्या एका नाल्याजवळ राहायचं. ते थांबले होते. त्यांनी नंतर सांगितलेलं मी विसरत नाही. ते रात्रभर पुढच्या खिडकीतून लेककडे बघत होते. लेककडून काहीच आलं नाही. पहाटे घरामागे बुडबुड आवाज आला. रस्त्याकडेच्या गटाराच्या जाळीतून पाणी वर येत होतं, संथ, गढूळ, उकळी न फुटलेल्या चहासारखं. पावसाचं पाणी लेकमध्ये नेणारा पाइप उलटा वाहायला लागला होता. अर्ध्या तासात गॅरेज, मग जिन्याची पहिली पायरी, मग तिसरी. त्या बाईंनी माळ्याच्या शिडीवर बसून ११ वेळा रामरक्षा म्हटली. मोजली कशी, विचारलं. म्हणाल्या, मोजण्याशिवाय करण्यासारखं काही नव्हतं.

आम्ही परतलो तेव्हा आमच्या घराचं जोतं वाचलं होतं. आमचं जोतं चौदा फुटांवर. पाणी पत्रपेटीपर्यंत येऊन थांबलं होतं. तिथे दलदलीतल्या गवताच्या वाळक्या काड्यांची एक सरळ रेघ पडली होती, कुणी झाडूने ओढल्यासारखी, आणि तिच्यात मेलेले मासे, एक चप्पल, कुणाच्या तरी कुंपणाची फळी. त्या रेघेच्या खालच्या अंगाची सगळी घरं पाच-सहा दिवसांत फुटपाथवर आली: गालिचे, गाद्या, टेपने बांधलेले फ्रिज. मधल्या रविवारी केटीला, वीज नसलेल्या गॅरेजमध्ये, टॉर्चच्या उजेडात गणपतीचं विसर्जन झालं, बादलीत. पाण्याला कंटाळलेली माणसं पाण्यातच विसर्जन करत होती, हे तेव्हा कुणाला जाणवलंसुद्धा नाही.

आणि हे आइक आपल्यावर मेहेरबान होतं. डोळा बेच्या तोंडावरूनच गेला, त्यामुळे सगळ्यात उंच पाणी त्याच्या उजव्या अंगाला, बोलिव्हर आणि चेंबर्सकडे पडलं. आपण डाव्या कडेला होतो. तेच वादळ तीसेक मैल दक्षिणेला लागलं असतं तर आपण उजव्या अंगाला आलो असतो. शिप चॅनलच्या दोन्ही काठांवर तेलाच्या आणि रसायनांच्या टाक्या उभ्या आहेत. जवळजवळ रिकामी टाकी पुराच्या पाण्यात होडीसारखी तरंगू शकते. याच्यावर मी इथे जास्त लिहीत नाही. ज्यांनी त्या कारखान्यांत वादळाच्या रात्री ड्यूटी केली आहे त्यांना सांगायची गरज नाही.

शिप चॅनल १९१४ साली मोठ्या जहाजांना खुला झाला. माणसाने बोटींसाठी खोदलेली वाट पाण्यालाही चालते, हे न्यू ऑर्लिन्सने सगळ्यात महाग शिकून घेतलं. तिथे मिसिसिपी नदी ते समुद्र असा जहाजांसाठी खोदलेला जवळचा कालवा होता. कतरिनामध्ये लेक बोर्नकडचं पाणी त्या बाजूने शहराच्या पूर्व भागातल्या कालव्यांत आलं, बांध फुटले. नंतर तो कालवा २००९ मध्ये दगड टाकून बंद केला आणि जवळजवळ दोन मैल लांबीची भिंत घातली. आमच्याकडे बांध फुटला की म्हणतात 'खांड गेली'. पण कालवा म्हणजे माणसाने आपल्या हाताने, मोजमाप करून पाडलेली खांड.

'मी पेअरलंडला राहते, माझा काय संबंध?' असं विचारणाऱ्या ताईंसाठी एक परिच्छेद. खारेपाटात बांधाला उघाडी असते: लाकडी झडप, ओहोटीला आतलं पाणी बाहेर सोडते, भरतीला आपोआप मिटते. भर पावसात मोठी भरती आली की उघाडी मिटलेली, आणि आत पडणारं पावसाचं पाणी शेतात तुंबून ओहोटीची वाट बघत बसतं. आजोबा रात्री कंदील घेऊन बांधावर जायचे ते यासाठीच. क्लिअर क्रीक पेअरलंड, फ्रेंड्सवुड, लीग सिटीचं पाणी घेऊन क्लिअर लेकमध्ये उतरते. बे तीन-चार फूट चढलेली असेल तर तिची उघाडी मिटली. वरून २०१७ च्या हार्वीसारखा पाऊस पडला, ज्याने ह्यूस्टनच्या पूर्वेला एका ठिकाणी ६० इंच ओतले, तर ते पाणी जाणार कुठे? हार्वीत मुख्य गुन्हेगार पाऊसच होता. पण पाऊस आणि उधाण एकाच दिवशी आले, तर समुद्रापासून लांब राहणं हे तितकंसं लांब राहत नाही.

आणि जमीन खाली जाते तेही. बेटाउनला ब्राउनवुड नावाची वसाहत होती, बेच्या काठी, शेजारच्या तेल कंपनीतल्या साहेब लोकांची. जवळच्या कारखान्यांनी आणि गावांनी भूगर्भातलं पाणी इतकं उपसलं की ती जमीन हळूहळू आठ-दहा फूट खचली. घरमालक दर वादळाला गालिचे वाळत घालायचे आणि परत राहायला यायचे. १९८३ मध्ये अलिशिया आलं, आणि त्यानंतर परत येण्यासारखं काही उरलं नाही. आज तिथे पक्षी बघायला लोक जातात. मी मुलाला घेऊन गेले होते. झाडीत अजून जुन्या रस्त्यांचे तुकडे दिसतात आणि पाण्यात उभे बगळे. ब्रोशरमध्ये घरांच्या किमती दाखवणाऱ्या एजंटाने तिथे एक फेरी मारायला हवी.

एजंटवरून आठवलं. घर घेताना मला सांगितलं गेलं, 'झोन एक्स आहे मॅडम, फ्लड इन्शुरन्स लागत नाही.' हा झोन वेगळा, पुराच्या विम्याच्या नकाशातला. 'लागत नाही'चा अर्थ कर्ज देणारी बँक ते मागत नाही, एवढाच. पाणी येत नाही असा अर्थ नाही. तुमच्या घराच्या साध्या विम्यात पुराचं पाणी धरलेलं नसतं. सरकारी पुराचा विमा वेगळा घ्यावा लागतो, तो घेतल्यावर सहसा ३० दिवसांनी लागू होतो, आणि घरासाठी जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर, सामानासाठी एक लाख. टीव्हीवर वादळाचं चाक फिरायला लागल्यावर फोन करून काही उपयोग नाही. किनाऱ्याच्या अगदी जवळ वाऱ्याचीही वेगळी पॉलिसी असते. आइकनंतर बोलिव्हरवर नुसते काँक्रीटचे चौथरे उरलेले मालक वर्षानुवर्षं भांडत होते: घर वाऱ्याने नेलं की पाण्याने? दोन्ही पॉलिसी ज्याच्याकडे, तो तेवढा निवांत.

आता जायचं कसं. इथे रीटाचं भूत आहे. २००५ मध्ये, कतरिनानंतर तीनच आठवड्यांनी, रीटा येतंय म्हणून पंचवीस लाखांच्या वर माणसं एकाच वेळी रस्त्यावर आली. डॅलसला जायला वीस-वीस तास. पेट्रोल संपलं, गाड्या तापल्या. शंभरावर माणसं त्या पळापळीत गेली. त्यातली तेवीस एका वृद्धाश्रमाच्या बसला आग लागून. रीटा शेवटी वळून लुईझियानाच्या सीमेवर गेलं. तीन वर्षांनी आइक आलं तेव्हा लोक म्हणाले, 'परत तो रस्ता नको.' थांबलेल्यांतले पुष्कळ जण त्या आठवणीने थांबले होते.

इथल्या आपत्ती व्यवस्थापनवाल्यांचं एक वाक्य आहे, त्याचा अर्थ असा: पाण्यापासून पळा, वाऱ्यापासून लपा. वाऱ्यासाठी डॅलस गाठायची गरज नसते, मजबूत घराची मधली खोली पुरते. पाण्यासाठी मात्र निघायलाच हवं, पण समुद्राचं पाणी केटीपर्यंत आत येत नाही. केटीला पोहोचलं की उधाणाचा विषय संपला. आणि केटीवाल्यांनी घर सोडून रस्ते अडवू नयेत, ते रस्ते आमचे आहेत. अमेरिकेत १९६३ ते २०१२ या पन्नास वर्षांत चक्रीवादळांत जे लोक थेट मृत्युमुखी पडले, त्यांतले जवळजवळ निम्मे वादळाच्या उधाणाने गेले. वाऱ्याने गेलेले दहात एकही नाहीत. तरी आपण विचारतो ते वाऱ्याचंच.

ते मतदान पुढच्या वेळी असं टाका. तुमचा झोन कुठला: कोस्टल, ए, बी की सी? काउंटीच्या नकाशात पिनकोड घातला की कळतो. तुमचं जोतं समुद्रसपाटीपासून किती फूट? घराच्या कागदांत किंवा सर्वेच्या कागदावर असतं, नसेल तर शोधा. आणि वादळ दोन दिवसांवर आलं की राष्ट्रीय हरिकेन केंद्र पाण्याचा नकाशा काढतं, तो उघडा. त्यातला निळा रंग म्हणजे जमिनीच्या वर तीन फुटांपर्यंत, पिवळा तीनच्या वर, केशरी सहाच्या वर, लाल नऊच्या वर. ते फूट समुद्रसपाटीपासूनचे नाहीत, तुमच्या अंगणातल्या मातीपासूनचे आहेत. आपल्या मुलाला मोजपट्टी देऊन भिंतीशी उभं करा आणि सहा फूट बघा. कढईचा फोटो नंतर टाका.

आणखी एक, आपलंच खास दुखणं. आई-बाबा मेमध्ये येतात आणि ऑक्टोबरात जातात. हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. म्हणजे आपण त्यांना बोलावतो ते नेमकं वादळात. त्यांना गाडी चालवता येत नाही, त्यांचं इन्सुलिन फ्रिजमध्ये असतं, त्यांना घर सोडून 'लोकांकडे' जायचा संकोच असतो, आणि नवरा-बायकोपैकी एकाचं नाव कारखान्याच्या 'राइड-आउट' टीममध्ये, म्हणजे वादळभर कारखान्यातच थांबणाऱ्यांत. या घरांनी हुकमाची वाट न बघता एक दिवस आधी निघावं. पासपोर्ट, व्हिसाचे कागद, औषधांची चिठ्ठी एका झिपच्या पिशवीत, ती पिशवी आत्ताच भरून ठेवावी.

'आता आइक डाइक येणारच आहे ना?' हाही प्रश्न येतो. गॅल्व्हस्टनच्या टेक्सास ए अँड एममधल्या विल्यम मेरेल यांनी आइकनंतर ती कल्पना मांडली: बोलिव्हर आणि गॅल्व्हस्टनच्या मधल्या, दोनेक मैल रुंद तोंडाला दरवाजे. २०२२ च्या शेवटी अमेरिकी काँग्रेसने तिला मान्यता दिली. खर्चाचा अंदाज तेव्हा चौतीस अब्ज डॉलर होता, नंतर सत्तावन्न अब्ज सांगितला गेला. बांधायला सुरुवात झाली तरी पुरं व्हायला वीसेक वर्षं. आणि दरवाजे मिटले तरी आपली बे स्वतःच एवढी रुंद आहे की आतल्या आतलं पाणी वारा आपल्या बाजूला लोटेल. म्हणून तर त्याच योजनेत क्लिअर लेकच्या आणि डिकिन्सनच्या तोंडालाही वेगळे दरवाजे धरले आहेत. उघाडीच ती, फक्त मोठी. मला ती हवी आहे. पण माझ्या हयातीत ती मिटताना बघेन असं वाटत नाही.

तेव्हा दरम्यानचं माझं मागणं साधं आहे. पाण्याकाठच्या प्रत्येक मराठी घराची, पाण्यापासून लांबच्या एका मराठी घराशी जोडी लावू या. आत्ता, मे संपायच्या आत. केटी, सायप्रसवाल्यांनी फक्त एवढं सांगायचं: आमच्याकडे किती माणसं झोपतील, जिने चढावे लागतात का, कुत्रा-मांजर चालेल का. काठावरच्यांनी सांगायचं: किती माणसं, कुणाला काय औषध. वादळ आलं की फोन करून विचारायचंच नाही, गाडी सरळ त्या दारात. संकोच आधीच संपवलेला असला की माणूस वेळेवर निघतो. २००८ मध्ये आम्ही निघालो, त्यामागे माझं शहाणपण नव्हतं. केटीच्या त्या मित्राने बुधवारीच सांगून ठेवलं होतं की दिवाणखान्यात गाद्या घातल्या आहेत.

यादी मी ठेवते. पहिलं नाव माझंच लिहून घ्या: क्लिअर लेक, झोन बी, जोतं चौदा फूट, माणसं तीन, एक मांजर, गुडघे दुखतात म्हणून तळमजला बरा. गणपतीच्या दिवसांत आलं तर चौथा पाहुणा मागच्या सीटवर असेल.

तुमची,
क्लिअर लेकची काकू